लहान कुत्रा घेताना नाक बघा, पाठ बघा, मग केस बघा

फ्लॅटमध्ये कुत्रा आणायचं ठरलं की बोलणं फिरून फिरून पग, शित्झू, पॉमेरेनियन, डॅशहुंड, ल्हासा आणि बीगल यांच्यावरच येतं. निवड होते ती चेहऱ्यावरून, नाहीतर वरच्या मजल्यावरच्यांकडे कोणता आहे त्यावरून. लहान कुत्रा म्हणजे जागा कमी, खाणं कमी, फिरवणं कमी, म्हणजे एकूण कामच कमी, असा हिशेब मनात असतो. जागा आणि खाणं खरंच कमी लागतं. काम मात्र कमी होत नाही, ते दुसरीकडे सरकतं. कोणाच्या डोळ्यांवर, कोणाच्या केसांवर, कोणाच्या पाठीवर.

मोठा कुत्रा आहे तसा आटवला आणि लहान जात तयार झाली, असं झालेलं नाही. माणसानं कुठे नाक आखूड केलं, कुठे पाय आखूड केले, कुठे हाडं काडीसारखी बारीक केली, कुठे केस न थांबता वाढत राहतील असे केले. त्या जातीला पुढे काय होणार आणि घरात रोज काय करावं लागणार, हे बरंचसं त्यावरून आधीच कळतं. म्हणून रंग आणि चेहरा शेवटी बघावा. आधी नाक.

नाक आखूड असेल तर

पगचं वजन ६ ते ८ किलो असावं. स्वभावानं इतका सोपा कुत्रा दुसरा शोधावा लागेल. तो माणसाच्या मागे मागे खोलीतून खोलीत फिरतो, लहान मुलांना सहन करतो, उगाच भुंकत नाही, चावणं तर फारच क्वचित. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग घरोघरी दिसला आणि देशभर त्याला मागणी आली. स्वभाव जाहिरातीत दाखवला तसाच आहे. अडचण श्वासाची आहे.

पगचा चेहरा चपटा झाला, पण आतलं सामान तेवढंच राहिलं. टाळूचा मागचा मऊ भाग, जीभ, नाकातल्या हाडांच्या गुंडाळ्या हे सगळं लांब नाकाच्या कुत्र्याला शोभेल एवढं आहे, डबी तेवढी लहान झाली. लोंबणारा टाळू श्वासनलिकेच्या तोंडावर येतो आणि नाकपुड्या चिरेसारख्या बारीक असतात. हवा आत घ्यायला जोर लावावा लागतो, त्या जोरानं घशातला नाजूक भाग सुजून आत ओढला जातो आणि वाट आणखी अरुंद होते. झोपेत घोरणं, जागेपणी नाक घुरघुरणं, जेवल्यावर फेस ओकणं याला लोक 'गोड' म्हणतात. ही श्वास अडल्याची लक्षणं आहेत. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि तिथल्या केनेल क्लबनं २०१९ पासून अशा कुत्र्यांच्या श्वासाला ० ते ३ अशी श्रेणी द्यायला सुरुवात केली. त्यात कुत्र्याला ३ मिनिटं दुडक्या चालीनं पळवतात आणि आधी व नंतर घशाचा आवाज ऐकतात. नेदरलँड्स तर पुढे गेलं. कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड नाक असलेल्या कुत्र्यांची पैदास तिथे चालत नाही.

पिल्लू बघायला जाल तेव्हा तुम्हालाही हे बघता येतं. पिल्लू समोरून बघा. नाकपुड्या स्वल्पविरामासारख्या उघड्या हव्यात, मिटलेल्या चिरा नकोत. ते शांत बसलेलं असताना तोंड मिटून, आवाज न करता श्वास घेतंय का ते एक मिनिट थांबून ऐका. मग पिल्लाची आई बघा, शक्य असेल तर बापही. थोडं चालल्यावर आईला धाप लागत असेल आणि घशातून घर्रघर्र ऐकू येत असेल, तर ते पिल्लू घेऊ नये. पग घरी आधीच असेल आणि त्याला त्रास असेल, तर नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू कापून आखूड करण्याची शस्त्रक्रिया होते. ती एक-दोन वर्षांच्या वयात केली तर गुण जास्त येतो. पुढे घशातला भाग कायमचा सैल पडतो.

आपल्या हवेत हे जास्त महत्त्वाचं आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. शरीर थंड होतं ते धापा टाकून, जीभ आणि नाकातला ओलावा उडवून. चपट्या नाकाच्या कुत्र्याकडे ही यंत्रणाच अर्धी आहे. नागपूर, अकोला, जळगावचा ४५ अंशांचा मे महिना त्याला धोक्याचा आहे हे लगेच पटतं. मुंबई-गोव्यातली ३३ अंशांची दमट दुपारही तितकीच वाईट असते, हे लक्षात येत नाही. हवेतच ओल भरलेली असली की जिभेवरची ओल उडत नाही आणि धाप वाया जाते. त्यामुळे मार्च ते जूनपर्यंत पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग यांचं फिरणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी साडेसातनंतर, तेही १५ मिनिटं. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्यालाही टेकवणार नाही.

उष्माघात ओळखायचा तो असा: जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, गडद लाल किंवा जांभळट दिसते, लाळ चिकट आणि दोरीसारखी होते, कुत्रा मान पुढे ताणून उभा राहतो, मग उलटी, मग पाय लटपटतात. निरोगी कुत्र्याचं तापमान गुदद्वारात मोजल्यावर ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा व्हायला लागते. अशा वेळी आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. बाथरूममध्ये नेऊन नळाचं साधं पाणी पोट, मांड्या, पाठ, मान असं सगळीकडे ओतत राहा आणि पंखा थेट अंगावर सोडा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका. तो दोन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाईल. थर्मामीटर ३९.५ दाखवायला लागला की पाणी थांबवा, नाहीतर तापमान उलट फार खाली जातं. मग डॉक्टरकडे. कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला तरी जायचंच, कारण रक्त गोठण्याचे आणि मूत्रपिंडाचे त्रास काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दिसतात.

आखूड नाकाबरोबर डोळेही बाहेर येतात. पग आणि शित्झूचा डोळा उथळ खोबणीत बसलेला असतो. गळ्यातला पट्टा जोरात ओढला किंवा दुसऱ्या कुत्र्यानं मानेला धरलं तर डोळा अक्षरशः खोबणीतून बाहेर येऊ शकतो. म्हणून या जातींना गळपट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता, ओढायला छातीचा हार्नेस. रोज सकाळी उजेडात डोळा बघा. एक डोळा बारीक केला असेल, पाणी येत असेल, बुबुळावर निळसर धूसर ठिपका असेल तर ती जखम आहे आणि ती त्याच दिवशी दाखवायची. घरात पडलेले माणसांचे किंवा मागच्या वेळचे ड्रॉप घालू नका. त्यात स्टेरॉईड असेल तर बुबुळाची जखम खोल जाते आणि डोळा फुटू शकतो. वाया गेलेल्या किती तरी डोळ्यांमागे हीच चूक असते.

पगच्या नाकावरची घडी दोन दिवसांनी एकदा ओल्या कापसानं पुसून लगेच कोरडी करायची. कोरडी करणं विसरलं की तीच घडी कुजल्यासारखा वास मारते.

शित्झू की ल्हासा

दुकानात दोन्ही पिल्लं सारखीच दिसतात, आणि एकाच्या नावाखाली दुसरं विकलंही जातं. ल्हासाचं नाक लांबट, डोळे आत आणि बदामी. शित्झूचे डोळे मोठे गोल, नाक आखूड, आणि नाकावरचे केस वरच्या दिशेला वाढतात, शेवंतीच्या पाकळ्यांसारखे.

स्वभाव मात्र उलटे. शित्झू चिनी राजवाड्यात मांडीवर वाढलेला. त्याला आलेला माणूस आवडतो, चोर आला तरी. ल्हासा तिबेटच्या मठांत आणि घरांत आतल्या बाजूची राखण करायचा. त्याला अनोळखी माणूस मुळात पसंत नाही, तो स्वतःचं मत बाळगतो आणि जिन्यावरच्या पावलांना भुंकतो. एकटे राहणारे आजी-आजोबा असतील आणि दार वाजलं की कोणीतरी सांगावं असं वाटत असेल तर ल्हासा चांगला. घरात सतत पाहुणे, शिकवणीची मुलं, कामाच्या मावशी असा राबता असेल तर शित्झू. ल्हासाचा छोटासा फरक आणखी एक आहे: नाक थोडं लांब असल्यामुळे त्याला उन्हाळा शित्झूपेक्षा बरा झेपतो.

पाठ लांब असेल तर

डॅशहुंड जर्मनीत बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी घडवला. नावातला 'डॅश' म्हणजे जर्मन 'डाख्स', बिज्जू. बिळात माणसाचा हुकूम ऐकू येत नाही, तिथे स्वतःच ठरवावं लागतं. म्हणून हा कुत्रा हट्टी आहे, उंदीर-घुशी दिसल्या की त्याला काही सुचत नाही, कुंड्या उकरतो आणि आकाराच्या मानानं आवाज खूप मोठा आहे. बंगल्यात अंगण असेल तर हा आनंदी कुत्रा. बंद फ्लॅटमध्ये दिवसभर एकटा ठेवला तर शेजारी तक्रार घेऊन येणारच.

त्याचे आखूड पाय ज्या जनुकीय बदलामुळे आले, त्याच कुळातल्या बदलामुळे मणक्यांमधल्या चकत्या लवकर म्हाताऱ्या होतात. चकतीच्या आतला गर जेलीसारखा मऊ असायला हवा, तो वयाच्या पहिल्या वर्षातच खडूसारखा कोरडा व्हायला लागतो. मग एखाद्या उडीच्या धक्क्यानं चकती फुटते आणि तो खडू वर मज्जारज्जूवर दाबतो. छातीचा पिंजरा संपतो तिथून कंबरेपर्यंतचा भाग सगळ्यात धोक्याचा, आणि वय साधारण ३ ते ७ वर्षं. दर चार-पाच डॅशहुंडमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो.

बहुतेक ठिकाणी चूक एकाच पद्धतीनं होते. कुत्रा एक दिवस सोफ्यावर चढायला नाही म्हणतो, पाठ कमानीसारखी करून उभा राहतो, उचलताना कळवळतो. घरच्यांना वाटतं पोट दुखतंय. कोणीतरी माणसांची वेदनाशामक गोळी देतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडतं. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे दुखणं थांबल्यामुळे कुत्रा पुन्हा उड्या मारतो आणि अर्धी फुटलेली चकती पूर्ण फुटते. दुसऱ्या दिवशी मागचे पाय ओढत चालतो.

म्हणून पाठ कमान झालेली दिसली की त्या क्षणापासून पिंजऱ्यात किंवा छोट्या आडोशात बंद, आणि डॉक्टर. निव्वळ दुखणं असेल तर औषध आणि ४ ते ६ आठवडे पूर्ण विश्रांती, लघवी-शीपुरतं उचलून खाली नेणं. पंजा उलटा टेकत असेल, चाल झोकांड्या खात असेल किंवा लघवी अडली असेल तर सकाळपर्यंत थांबू नका. मागच्या बोटाला जोरात चिमटा काढूनही कुत्रा वळून बघत नसेल, तर शस्त्रक्रियेला प्रत्येक तास मोलाचा असतो.

टाळण्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. सोफा आणि पलंगाला उतरती फळी लावा, घसरणार नाही असं कापड चिकटवलेली, लांब आणि कमी चढाची. जिने उचलून चढवा-उतरवा. आणि उचलताना दोन हात: एक पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून लोंबता उचलणं, म्हणजे मुलं उचलतात तसं, पूर्ण बंद. या सगळ्याच्या वर वजन. छोट्या डॅशहुंडवर एक किलो जास्त म्हणजे माणसावर दहा-बारा किलो जास्त.

तळहातावर मावणारे

चिहुआहुआ पूर्ण वाढ झाल्यावर ३ किलोच्या आत, पॉमेरेनियन २ ते साडेतीन किलो, टॉय पूडल उंचीला २८ सेंटीमीटरपर्यंत. एवढ्या लहान कुत्र्याच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीपेक्षा बारीक असतं. मुलाच्या हातातून निसटून फरशीवर पडला की तेच मोडतं, आणि तिथे रक्तपुरवठा कमी असल्यानं जुळायला वेळ लागतो. घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर ३ किलोचा कुत्रा घेऊ नये असं स्पष्ट मत आहे. ६ ते १० किलोचा घ्यावा.

या पिल्लांना आणखी एक धोका असतो, साखर घसरण्याचा. चार महिन्यांखालचं एक किलोचं पिल्लू सहा-आठ तास उपाशी राहिलं, किंवा प्रवासानं घाबरून जेवलं नाही, तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. ते लटपटतं, गार पडतं, डोळे टक लावल्यासारखे होतात, मग आकडी. मध किंवा घट्ट साखरेचं पाणी बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळायचं, कपड्यात गुंडाळून ऊब द्यायची आणि निघायचं. शुद्धीत नसेल तर चमच्यानं पाजायचं नाही. या वयात दिवसातून चार वेळा खाणं, आणि रात्रीचं शेवटचं खाणं झोपायच्या अगदी आधी.

'टीकप' नावाची जात कोणत्याही केनेल क्लबच्या यादीत नाही. सगळ्यात लहान, बहुधा सगळ्यात अशक्त पिल्लांची एकमेकांशी जोडी लावून किंवा पिल्लाला कमी खायला घालून हा आकार मिळवतात. डोक्यावरची कवटीची हाडं न जुळलेली, यकृत कमकुवत, हाडं काचेची. कितीही गोड दिसलं तरी टीकप म्हणून विकलं जाणारं पिल्लू विकत घेऊ नका.

लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकणं फार दिसतं. पळता पळता मागचा एक पाय वर धरतो, तीन पायांवर दोन-चार उड्या, पाय झटकला की पुन्हा नीट. लोकांना ती लकब वाटते. वाटी खोबणीतून बाहेर जाऊन परत बसतेय. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स हे दुखणं वाढवतात. तळव्याच्या गाद्यांमधले केस महिन्यातून एकदा कापा, नखं तीन-चार आठवड्यांनी कापा, कुत्रा जिथे वळणं घेत पळतो तिथे रबरी पाठीची सतरंजी टाका. पॉम आणि यॉर्कशायर टेरियरमध्ये श्वासनलिकाही मऊ असते. खोकला बदकाच्या आवाजासारखा येत असेल तर गळपट्टा त्या दिवसापासून बंद.

आपल्याकडचा 'पामेरियन'

ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी जो पांढरा 'पामेरियन' असायचा, त्यातले बहुतेक पॉमेरेनियन नव्हतेच. तो इंडियन स्पिट्झ. ब्रिटिशांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला, लहान आकारात ५ ते ७ किलोचा, मोठ्या आकारात त्याच्या दुप्पट आणि अधिकही. नाक टोकदार, पाठ प्रमाणात, पाय मजबूत. वर सांगितलेली जवळजवळ कुठलीच रचनेची अडचण त्याच्यात नाही. हुशार आहे, दोन-तीन आठवड्यांत कागदावर जायला शिकतो, पोळी-भात-दह्यावरही तगतो, आणि १२ ते १४ वर्षं सहज जगतो. एकच गोष्ट सहन करावी लागते, तो भुंकतो. लिफ्टचं दार उघडलं तरी भुंकतो. पहिल्यांदाच कुत्रा घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुटुंबाला कोणता सुचवाल असं विचारलं तर उत्तर हेच: इंडियन स्पिट्झ. आणि त्याच्या बरोबरीनं मध्यम आकाराचं आपलं गावठी पिल्लू. फॅशन बदलली म्हणून स्पिट्झ मागे पडला, गुण काही कमी झाले नाहीत.

बीगल लहान म्हणून घेतला जातो, तो खरं तर ९ ते ११ किलोचा शिकारी कुत्रा आहे. टोळीत राहायला घडवलेला. एकटा ठेवला की लांडग्यासारखा हेल काढतो. वास लागला की हाक ऐकत नाही, म्हणून मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडायचाच नाही. रोज तासभर नाकाला काम देणारं कोणी घरात नसेल तर बीगल घेऊ नका.

केस

केसांचे दोन प्रकार. पॉम, स्पिट्झ, पग यांना दुहेरी केस: वर राठ, आत लोकर. हे गळतात, वर्षातून दोनदा ढिगानं. शित्झू, ल्हासा, पूडल, माल्टीज यांचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, गळतात कमी, पण गुंततात.

दुहेरी केसवाल्याला उन्हाळ्यात तासून टाकू नका. विशेषतः पॉमच्या बाबतीत तासलेले केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत, आले तर ठिगळांसारखे येतात. आतली मेलेली लोकर दातेरी ब्रशनं आठवड्यातून दोन-तीनदा काढली की तेवढ्यानंच अंगाला वारा लागतो.

वाढत्या केसवाल्याला एक-दीड इंचाचा 'पपी कट' दर सहा आठवड्यांनी. विंचरताना वरवर ब्रश फिरवून उपयोग नाही. केस बाजूला सारून कातडी दिसेपर्यंत भांग पाडायचा, मुळापासून विंचरायचं, शेवटी स्टीलचा कंगवा आरपार गेला पाहिजे. गाठी होतात त्या ठरलेल्या जागी: कानामागे, काखेत, हार्नेसखाली, जांघेत. गाठ आधी सोडवायची, मग आंघोळ. ओली गाठ वाळली की नमद्यासारखी घट्ट होते, मग कापण्यावाचून इलाज नाही. कात्री गाठीखाली घालू नका, कातडी तिच्यात ओढली गेलेली असते आणि कापली जाते.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी, कुत्र्याच्याच शाम्पूनं. पावसाळ्यात आंघोळीपेक्षा वाळवणं महत्त्वाचं. बोटांच्या मधे ओल राहिली की तिथे लाल पुरळ आणि बुरशी. ड्रायर थंड किंवा कोमट हवेवर, मुळांपर्यंत.

गोचीड शोधायला केस हाच अडथळा. कानाच्या पाळीच्या आत, बोटांमधे, मानेखाली बोटांनी चाचपून बघा. गोचिडीच्या तापात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्तातल्या प्लेटलेट तपासायला लगेच न्यायचं. गोचिडीचं औषध वजनावर असतं. मोठ्या कुत्र्याची गोळी किंवा पिपेट अर्धी करून लहानाला देऊ नका, औषध त्यात सारखं पसरलेलं असेलच असं नाही.

खाणं, कॅलरीत

५ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ३७० कॅलरी लागतात. ३ किलोच्याला सुमारे २५०. लहान जातीच्या कोरड्या खाण्यात १०० ग्रॅममागे साधारण ३७० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याचं दिवसाचं सगळं खाणं ९५ ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. वाटीनं अंदाज नेहमी जास्तीचाच होतो.

आता तूप लावलेली एक पोळी घ्या, सुमारे ११० कॅलरी. त्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा तीस टक्के भाग. ग्लुकोज बिस्किटं चार, तेवढंच. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं, दुपारी पोळीचा तुकडा, रात्री पुन्हा बिस्किट, आणि 'हा तर काहीच खात नाही तरी जाड होतोय'. बरगड्या बोटानं हलकेच चाचपून मोजता आल्या पाहिजेत. वरचं खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढं मुख्य खाण्यातून वजा करा. बक्षीस म्हणून काकडी, गाजर, उकडलेला दुधी चालतो.

नुसता चिकन-भात वाढत्या पिल्लाला देऊ नका, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि पाय वाकडे होतात.

लहान शरीराला विषही थोडं पुरतं. कांदा किलोमागे १५ ते ३० ग्रॅम पोटात गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. ४ किलोच्या कुत्र्याला एक लहानसा कांदा पुरे, मग तो रश्शात शिजलेला असला तरी. लसूण त्याहून तीव्र. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं मूत्रपिंड बंद पाडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं. ३ किलोच्या कुत्र्याला डार्क चॉकलेटचे १०-१२ ग्रॅमही त्रास द्यायला पुरेसे आहेत. पॅरासिटामॉल, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, दोन्ही घरात उंचावर.

दात. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, लहान कुत्र्यालाही ४२ च, जबडा मात्र अर्धा. दात दाटीनं येतात, अन्न अडकतं, तीन वर्षांत किटण. सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा नव्या सुळ्याच्या शेजारी उभा दिसला तर तो काढून टाकावा लागतो, नसबंदीच्या भुलीतच काढून घ्या. कुत्र्याच्या टूथपेस्टनं आठवड्यातून तीन-चारदा तरी घासा. माणसांची पेस्ट नको.

पिल्लू आणताना

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. बाजारात ३०-३५ दिवसांची पिल्लं सर्रास मिळतात. ती लहान दिसतात म्हणून भाव येतो. आईजवळ न राहिलेलं पिल्लू चावण्याचा जोर कुठे थांबवायचा हे शिकत नाही, आणि पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या तोंडी सहज जातं. आई दाखवत नसतील तर परत या. पिल्लाचे दात बघा: आठ आठवड्यांत दुधाचे पुढचे दात आणि सुळे बाहेर आलेले असतात.

लसींचा क्रम सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, मग दर वर्षी. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं लेप्टो पसरतो, त्याची लसही वर्षाला घ्यायची. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर पाय नाही, पण कडेवर घेऊन रिक्षा, मंदिराची घंटा, छत्र्या, मुलं हे सगळं दाखवा. चौदा आठवड्यांपर्यंत जे बघितलं त्याची भीती पुढे सहसा वाटत नाही.

लहान कुत्रा मांडीवरून गुरगुरला की घरातले हसतात, मोठा गुरगुरला असता तर हसले नसते. गुरगुर आली की न रागावता, न ढकलता उभं राहायचं, कुत्रा आपोआप खाली उतरतो. हे पहिल्या सहा महिन्यांत केलं नाही तर दोन वर्षांनी तो कोणाला सोफ्यावर बसू देणार नाही. लघवीसाठी जितक्या महिन्यांचं पिल्लू त्यात एक मिळवून तितके तास, हा अंदाज धरा. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. चूक झालेली जागा फिनाईलनं पुसू नका, वास पूर्ण जात नाही आणि फिनाईल चाटणं पिल्लाला घातक आहे. पातळ व्हिनेगर किंवा एन्झाइमवाला क्लीनर वापरा.

सोसायटीत कोणी 'कुत्रा चालणार नाही' म्हटलं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक दाखवा. बहुमतानंही पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही. महापालिकेचा परवाना काढलेला असावा, शी उचलायची पिशवी खिशात असावी. वाद निम्मा तिथेच मिटतो.

दहाव्या वर्षानंतर

लहान कुत्रे दीर्घायुषी असतात आणि म्हातारपणी त्यांचं हृदय दगा देतं. डाव्या बाजूची झडप जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं. डॉक्टरांना आवाज ऐकू येतो तो बरेचदा लक्षणं दिसण्याच्या काही वर्षं आधी, म्हणून आठव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी स्टेथोस्कोप लावून घ्या. घरी मोजायची गोष्ट एकच: कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते. पंख्याखाली, तापलेला नसताना मोजा, ३० सेकंद मोजून दुप्पट करा, कॅलेंडरवर आठवड्यातून एकदा लिहा. बहुतेकांचा आकडा १५ ते २५ असतो. सलग दोन रात्री ३० च्या वर गेला तर फुप्फुसात पाणी साठायला लागलेलं असू शकतं, आणि खोकला सुरू व्हायची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच एक्स-रे काढायचा. झोपेतच धाप लागून पोट ओढलं जात असेल, हिरड्या निळसर दिसत असतील, तर त्याच रात्री.